धार आधी, लेथ नंतर: घरच्या घरी कातकाम सुरू करताना

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, कोणाचं काम कसं चाललंय हे पाहायचं असेल तर लाकडाकडे नंतर बघावं, आधी त्याच्या पायाशी बघावं. खाली लांब, कुरळ्या ढलप्या पडल्या असतील तर हत्यार कापतंय. पिठासारखा भुसा पडला असेल तर हत्यार नुसतं खरवडतंय. मी पहिले चार महिने भुसाच पाडला. वाटायचं, लेथ हलका आहे, लाकूड हट्टी आहे, आपल्या हाताला वळण नाही. मग एका जाणत्या कातारी माणसाने माझंच गाऊज (खोबणी असलेलं कातायचं हत्यार) घेऊन ग्राइंडरवर अर्ध्या मिनिटात धार लावून दिली. त्याच लेथवर, त्याच लाकडातून, माझ्याच हाताने हातभर लांब ढलपी निघाली. तेव्हापासून कोणी "लेथ कुठला घेऊ?" असं विचारलं की मी आधी विचारतो, "धार कशावर लावणार?"

हा सगळा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. जवळच्या पैशाचे तीन भाग करा. एक भाग लेथला, एक भाग हत्यारं आणि धारेच्या साधनांना, एक भाग चक (लाकूड धरणारे जबडे), फेस शील्ड, मास्क, दिवे आणि किरकोळ गोष्टींना. सगळे पैसे लेथवर घालून धारेसाठी काहीच न उरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे चांगले लेथ महिन्या-दोन महिन्यांत झाकून ठेवले जातात.

जागा

कातकामाला जागा फार लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. फळ्यांच्या सुतारकामात आठ फुटी फळी फिरवायला खोलीभर मोकळं लागतं. लेथवर काम जागच्या जागी फिरतं. अडीच मीटर बाय तीन मीटरची खोली किंवा गॅरेजचा एक कोपरा पुरतो. लेथ आणि भिंत यांच्यात केरसुणी जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर ढलप्यांचा डोंगर तिथेच साचतो. टेलस्टॉकच्या (लाकडाला दुसऱ्या टोकाने आधार देणाऱ्या सरकत्या भागाच्या) टोकाला हातभर जागा सोडा, कारण वाडगा कोरताना टेलस्टॉक मागे ओढावा किंवा काढून ठेवावा लागतो.

ग्राइंडर लेथपासून दोन पावलांवर हवा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर "एवढं झालं की धार लावतो" असं म्हणत तुम्ही बोथट हत्यार रेटत राहाल. सगळेच राहतात.

लेथची उंची मोजून घ्या. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. लाकूड ज्या अक्षावर फिरतं तो अक्ष त्या उंचीवर, किंवा बोटभर वर, आला पाहिजे. लेथ खाली असेल तर कंबर धरते आणि माणूस हत्यारावर वाकून जोर लावायला लागतो. स्टँडच्या पायाखाली जाड फळी घालून हे सहज जमतं. स्टँडला खाली एक फळी ठोकून तिच्यावर वाळूची पोती ठेवली की हलका लेथही थरथरायचा थांबतो.

दिवा डोक्यावर एक आणि बाजूने एक. बाजूचा दिवा तिरपा पडला की घासकागदाचे ओरखडे दिसतात, वरून ते लपतात. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटच्या एकट्या उजेडात मात्र लेथ चालवू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरणारा चौकोनी ठोकळा दोन लुकलुकींमध्ये बरोबर पाव फेरा फिरतो, आणि डोळ्याला तो स्थिर उभा असल्यासारखा दिसतो. त्याला हात लावायचा मोह होण्याआधी दिवा बदललेला बरा.

बाकी साधनांमध्ये एक दणकट टेबल, त्याला वाइस, एक हातकरवत, एक ड्रिल, गुण्या, कॅलिपर आणि दोन-चार शिकंजे एवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं. पुढे एखादं मोठं मशीन घ्यावंसं वाटलं तर बँडसॉ घ्या. ओंडक्यातून गोल चकत्या काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तोवर करवत आणि कुऱ्हाडीवर भागतं.

लेथ निवडताना

दोन मापं आधी पाहायची. पहिलं स्विंग, म्हणजे जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड बेडवर (लेथच्या आडव्या पायावर) फिरू शकेल. दुसरं दोन सेंटरमधलं (लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकदार भागांमधलं) अंतर, म्हणजे किती लांबीचं लाकूड बसेल. १२ इंच स्विंग आणि १६ ते २० इंच लांबीचा मध्यम लेथ घरासाठी उत्तम. त्यावर हातोड्यांच्या मुठी होतात, डबे होतात, १० इंची वाडगा होतो. मोटर पाऊण ते एक हॉर्सपॉवर असावी.

मग बारकावे. हेडस्टॉक (मोटरने लाकूड फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉक दोन्हीकडे मोर्स टेपर २ (निमुळत्या भोकाचं एक ठरलेलं माप) असेल तर जोडसाधनं सहज मिळतात. स्पिंडलचा (हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याचा) आटा कोणता ते लिहून ठेवा (१ इंच ८ आटे, एम३३ असे प्रकार असतात), कारण चक त्याच आट्याचा घ्यावा लागतो. वेग बटणाने बदलता येत असेल तर अधिक पैसे जरूर द्या. पट्टा बदलून वेग बदलणाऱ्या लेथवर माणूस कंटाळा करतो आणि चुकीच्या वेगावर काम रेटतो. सर्वांत कमी वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या खाली जायला हवा. लाकूड ओबडधोबड असताना त्याचीच गरज पडते.

जुना लेथ मिळत असेल तर घाबरू नका, फक्त तीन गोष्टी तपासा. दोन्हीकडे टोकदार सेंटर बसवून टेलस्टॉक पुढे सरकवा, टोकाला टोक भिडलं पाहिजे. स्पिंडल हाताने धरून वर-खाली हलवून पाहा, खुळखुळ नको. आणि टेलस्टॉक बेडवर आवळल्यावर तो हाताने रेटून सरकता कामा नये.

पाच हत्यारं

आठ हत्यारांचा तयार संच घेऊ नका. त्यातली तीन वर्षभर पेटीतून बाहेर येत नाहीत. एम२ हायस्पीड स्टीलची, लांब मुठीची पाच हत्यारं एकेक करून घ्या. लांबट कामाचा चौकोन गोल करायला पाऊण ते सव्वा इंची रफिंग गाऊज. मणी, खाचा, वळणं काढायला तीन-अष्टमांश इंची स्पिंडल गाऊज. वाडग्यासाठी अर्ध्या इंची बोल गाऊज. माप घ्यायला आणि तोडायला पार्टिंग टूल. आणि गुळगुळीत करायला एक इंची गोल तोंडाचा स्क्रेपर. स्क्यू (तिरक्या धारेची) पटाशी सहाव्या क्रमांकावर ठेवा. तिचा हात बसला की तिच्यासारखी फिनिश कोणी देत नाही, पण पहिल्या आठवड्यात ती माणसाला घाबरवते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रफिंग गाऊज वाडग्याला, म्हणजे आडव्या तंतूंच्या लाकडाला, कधीही लावायचं नाही. त्याचं पातं रुंद दिसतं, पण मुठीत गेलेला भाग चपटा आणि अरुंद असतो. आडवं लाकूड त्याला पकडतं तेव्हा ते तिथेच मोडतं आणि पातं उडतं. बोल गाऊज एकाच जाड गोल सळईतून कोरलेलं असतं, म्हणून ते हा मार सोसतं.

धार

आता मूळ मुद्दा. आठ इंची, सावकाश फिरणारा ग्राइंडर घ्या. मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांचा चालतो, साधे ग्राइंडर याच्या दुप्पट वेगाने फिरतात. त्याला पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ८० ग्रिटचं चाक लावा. यंत्राबरोबर येणारं करड्या रंगाचं टणक चाक या कामाचं नाही, ते हत्यार तापवतं. ऐपत असेल तर सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइडचं) चाक घ्या. ते जवळजवळ झिजत नाही, त्याचा व्यास तोच राहतो, त्यामुळे एकदा जुळवलेला कोन तसाच टिकतो. नवं दगडी चाक बसवण्यापूर्वी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे आणि ते चाक फेकायचं. ग्राइंडर सुरू करताना पहिला मिनिटभर बाजूला उभं राहा.

धार लावणं म्हणजे दरवेळी तोच कोन, तोच आकार परत मिळवणं. कोन तंतोतंत जुळला तर दोन हलके हात फिरवले की झालं, दहा-पंधरा सेकंदांचं काम. जुळला नाही तर दरवेळी हत्याराला नवा आकार दिला जातो, धार येतच नाही आणि हत्यार मात्र वर्षभरात बोटभर आखूड होतं. म्हणूनच जिग (हत्यार ठरलेल्या कोनात धरणारा साचा) वापरायची, त्यात कमीपणा काही नाही. जिगमधून हत्यार किती पुढे काढायचं, यासाठी टेबलावर लाकडाचा एक छोटा अडसर कायमचा ठोकून टाका आणि प्रत्येक वेळी हत्याराचं टोक त्याला टेकवून जिग आवळा. चाकापासून जिगचा आधार किती लांब, यासाठीही मापाची एक काठी कापून ठेवा. माझ्या ग्राइंडरखाली अशा तीन काठ्या खिळ्याला टांगलेल्या आहेत, प्रत्येकीवर हत्याराचं नाव लिहिलेलं.

कोन सुरुवातीला असे ठेवा: रफिंग गाऊज ४५ अंश, स्पिंडल गाऊज ४०, बोल गाऊज ५५, स्क्रेपर ७५ च्या आसपास. एखादा अंश इकडेतिकडे झाला तरी चालतं, दरवेळी तोच असणं जास्त मोलाचं.

पहिल्यांदा कोन जुळवताना मार्कर पेन हाताशी ठेवा. धारेमागचा जो तासलेला उतार असतो, त्याला बेव्हल म्हणतात. तो सगळा काळ्या मार्करने रंगवा. ग्राइंडर बंद ठेवून हत्यार चाकावर टेकवा आणि चाक हाताने थोडं फिरवा. रंग फक्त टोकाशी गेला तर कोन फार उभा झाला. फक्त मागच्या टाचेशी गेला तर फार लोळता. धारेपासून टाचेपर्यंत एकसारखा पट्टा पुसला गेला की जुळलं. मग ग्राइंडर सुरू करा, जोर न देता, हत्याराच्या वजनानेच घासू द्या. ठिणग्या चाकाच्या बाजूने पडत असतात. त्या धारेवरून, म्हणजे हत्याराच्या वरच्या खोबणीतून, ओसंडायला लागल्या की थांबा. धार तिथवर पोचली.

साध्या कार्बन पोलादाचं हत्यार तापून निळं पडलं तर त्याचं पाणी उतरतं, तो भाग घासून टाकावा लागतो. हायस्पीड स्टीलला निळेपणाची भीती नाही, पण तापलेलं हत्यार पाण्यात बुडवू नका. अचानक थंड झाल्यावर धारेला सूक्ष्म चिरा पडतात.

आणि बोथट झाल्याचं ओळखायचं कसं? हत्यार दिव्याखाली धरा, धार थेट आपल्याकडे करा आणि हळूहळू वर-खाली कलती करा. कुठे बारीक पांढरी रेघ चमकली तर तिथली धार गेलेली आहे, कारण बोथट कडेला सपाटी असते आणि सपाटीवरून उजेड परततो. तल्लख धारेवर उजेडाला थांबायला जागाच नसते, ती दिसतच नाही. ही तपासणी पाच सेकंदांची आहे. दर वेळी हत्यार हातात घेताना मी ती करतो. एका मध्यम वाडग्याला मी तीन-चार वेळा तरी ग्राइंडरकडे जातो, आणि शेवटचा हात मारण्यापूर्वी न चुकता जातो.

अंगावर काय असावं, काय नसावं

चष्मा पुरत नाही. पूर्ण चेहरा झाकणारं, आघात सोसणारं फेस शील्ड हवं. १० इंचाचा वाडगा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने पळत असते. माझ्याकडून एकदा सालीखाली दडलेली चीर पाहायची राहिली. निम्मा ठोकळा सुटून शील्डवर आदळला, शील्डला तडा गेला, मला काही झालं नाही. ते तडा गेलेलं शील्ड मी अजून भिंतीवर ठेवलं आहे, कारण शिकायला येणाऱ्याला ते दाखवलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

हातमोजे नकोत. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, अंगठी, मोकळे केस, काहीही नको. फिरतं लाकूड कपड्याला पकडतं तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. लेथ सुरू करताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेतून बाजूला उभं राहा. सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते टूल रेस्टला (हत्यार टेकवायच्या आधाराला) कुठे घासत नाही ना ते पाहा. चकची किल्ली कधीही चकमध्ये सोडू नका.

भुशाचं गांभीर्य लोकांना उशिरा कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातला. ढलप्यांनी काही होत नाही, घासकागदाच्या बारीक धुळीने होतं, आणि ती डोळ्याला दिसतही नाही. घासताना एन९५ दर्जाचा मास्क घाला, शक्य झालं तर धूळ ओढणारा नळ लाकडामागे लावा. शिसवीसारख्या काही लाकडांच्या धुळीने त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जीही होते. अंग खाजलं, शिंका आल्या तर ते लाकूड बदला.

कोणतं लाकूड

शिकायला महाग लाकूड आणू नका. छाटलेली फांदी, ताजी आणि ओली, सगळ्यांत उत्तम. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, धूळ उडत नाही आणि चुकलं तर मन खट्टू होत नाही. फांदी कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग जाड फासा. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघून जातं, टोकं आधी आकसतात आणि तिथूनच चिरा सुरू होतात. वाडग्यासाठी ओंडका मधोमध उभा चिरा आणि मधला गाभा काढून टाका. लाकूड सुकताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. ही ओढाताण गाभ्याभोवती सुटते, म्हणून गाभा आत राहिलेला वाडगा बहुतेक वेळा तडकतो.

सागवान काम करायला गोड आहे, पण त्यात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. धार लावायचा सराव म्हणून त्याच्याकडे पाहा. खिळे ठोकलेलं जुनं लाकूड, सुटलेल्या गाठी, चिरलेली टोकं लेथवर चढवू नका.

पहिला आठवडा: नुसते रूळ

दोन इंची चौकोनी, २५ सेंटिमीटर लांबीचे दहा तुकडे करा. प्रत्येक टोकाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या की मध्य मिळतो. दातेरी ड्राइव्ह सेंटर लाकडात ठोकून बसवायचं ते टेबलावर, लेथवर नाही, नाहीतर मार हेडस्टॉकच्या बेअरिंगला बसतो. टेलस्टॉकला फिरतं सेंटर लावा, आवळा, लॉक करा. टूल रेस्ट लाकडाच्या कोपऱ्यापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणि मध्यापेक्षा किंचित खाली.

वेगाचा ढोबळ हिशेब असा: व्यास इंचात घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६,००० ते ९,००० च्या मध्ये यावं. १० इंचाला ६०० ते ९००. दोन इंचाला हिशेबाने ३,००० येतात, पण पहिले काही दिवस १,५०० च्या पुढे जाऊ नका, आणि चौकोन असताना त्याहून खाली राहा.

आता हत्यार कसं लावायचं. हत्यार आधी टूल रेस्टवर टेकतं, लाकडाला नाही. मग बेव्हलची टाच लाकडाला टेकते. या वेळी कापलं काहीच जात नाही, फक्त बेव्हल घासल्याचा हलका सुस्स असा आवाज येतो आणि मुठीत बारीक गुदगुल्या जाणवतात. मग उजव्या हाताने मूठ हळूहळू वर उचला. एका क्षणी धार लाकडाला शिवते आणि ढलपी सुटते. हा क्रम मोडला, धार आधी टेकली, तर लाकूड हत्यार खाली खेचतं आणि असा झटका बसतो की काळीज हलतं. नवशिक्याचे जवळजवळ सगळे झटके इथून येतात.

डाव्या हाताचं काम हत्यार रेस्टवर दाबून ठेवणं एवढंच. दिशा आणि खोली उजवा हात ठरवतो, आणि उजवा हात कमरेला टेकलेला असला की तो थरथरत नाही. सरकायचं ते पायांनी, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेत. हाताने सरकणाऱ्याचा रूळ लाटांसारखा होतो.

लांबट कामात नेहमी मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे, उतारावरून खाली जायचं. चढावर कापलं तर तंतू मागून आधार नसल्यामुळे उपटून येतात. मणी काढताना शेंड्यावरून डावीकडे उतरा, परत शेंड्यावर या, उजवीकडे उतरा. खाच काढताना दोन्ही कडांवरून तळाशी या आणि तळाशी थांबा, पलीकडे चढू नका. दहाही तुकड्यांवर नुसते मणी आणि खाचा काढा. सातव्या-आठव्या तुकड्यावर आवाज बदललेला तुमच्या तुम्हाला ऐकू येईल.

पहिली वस्तू: मोगरी

पहिली वस्तू रोज वापरायची असावी, म्हणून मी मोगरी, म्हणजे पटाशी ठोकायचा लाकडी हातोडा, सुचवतो. ७५ मिलिमीटर चौकोनी, २८० मिलिमीटर लांबीचा, गाठी नसलेला कठीण लाकडाचा तुकडा घ्या. बाभूळ, चिंच, मॅपल, बीच, काहीही चालेल, फक्त ते सुकलेलं असावं.

लेथ ६००-७०० फेऱ्यांवर सुरू करा. रफिंग गाऊजने टेलस्टॉककडच्या टोकापासून दोन-तीन इंचांचा भाग आधी गोल करा, टोकाकडे कापत. मग मागे सरकत पुढचे दोन-तीन इंच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम हात फिरवला तर कोपऱ्यांच्या लांब चिपा निघतात. अधूनमधून लेथ थांबवून पाहा. चारही सपाट पट्टे गेले की वेग १,२०० च्या आसपास न्या आणि टूल रेस्ट पुन्हा जवळ घ्या. हे जवळ घेणं माणसं विसरतात. लेथ बंद करून मगच रेस्ट हलवायचा.

टेलस्टॉककडून १५ मिलिमीटर वाया जाणारा भाग सोडा, पुढे १४० मिलिमीटर मूठ, पुढे ११० मिलिमीटर डोकं, आणि शेवटी पुन्हा १५ सोडलेले. पेन्सिल फिरत्या लाकडाला हलकी टेकवून रेघा काढा. डोक्याचा व्यास टोकाशी ७० आणि मुठीकडे ६४ ठेवा. हा उतार दिसायला छान म्हणून नाही. मोगरी मारताना मनगट कमानीत फिरतं, आणि उतारामुळे डोक्याची बाजू पटाशीच्या मुठीवर सपाट पडते.

मुठीचे व्यास पार्टिंग टूलने बांधून घ्या: डोक्याजवळ मान २८, तळव्यात पोट ३४, करंगळीपाशी २६, शेवटचा गोळा ३६. प्रत्येक ठिकाणी खाच पाडायची, लेथ थांबवून कॅलिपरने मोजायचं. मग स्पिंडल गाऊजने उंचावरून खोलाकडे उतरत खाचा एकमेकींना जोडायच्या. आकार आला असं वाटलं की लेथ थांबवून मूठ हातात धरा, डोळे मिटा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा तळव्याला लगेच लागतो. शेवटी दोन्ही टोकांचे देठ १० मिलिमीटरपर्यंत बारीक करा, लेथ बंद करून करवतीने कापा, पटाशीने साफ करा.

मग वाडगा

वाडग्यात फरक एवढाच, पण तो मोठा आहे. लाकूड आडवं फिरतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची बाजू भेटते आणि दोनदा तंतूंची टोकं. टोकांच्या त्या दोन जागी पृष्ठभाग उपटतो. उपाय घासकागदात नाही, ताज्या धारेत आणि हलक्या शेवटच्या हातात आहे.

२० सेंटिमीटर व्यासाची, सहा-सात सेंटिमीटर जाडीची चकती घ्या. जो भाग पुढे तोंड होणार तिकडे फेसप्लेट (स्क्रूने लाकडाला बसणारी धातूची चकती) लावा. स्क्रू लाकडात किमान २५ मिलिमीटर गेले पाहिजेत आणि ते लाकडाचे दणकट स्क्रू हवेत. ड्रायवॉलचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, त्यांची डोकी तुटतात. टेलस्टॉक पुढे आणून आधार द्या आणि शक्य तितका वेळ तो तिथेच ठेवा. बाहेरचा आकार बोल गाऊजने तळाकडून काठाकडे कापत जा. तळाला चकसाठी कुसू (जबड्यांत धरायचा गोल उंचवटा) काढा: साधारण ५० मिलिमीटर व्यास, सहा ते आठ मिलिमीटर उंच, चकच्या जबड्यांच्या कोनाचा. कुसूचा माथा चकच्या तळाला टेकता कामा नये. त्याच्या बाजूची सपाट खांदोळी जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसली पाहिजे. वाडगा धरून ठेवते ती ही खांदोळी.

वाडगा उलटा करून चकमध्ये आवळा. आत कोरताना दिशा बदलते, काठाकडून मध्याकडे. आधी मध्यात ड्रिलने खोलीचं भोक पाडा, तळाला बारा मिलिमीटर शिल्लक ठेवून. काठाजवळचे तीन सेंटिमीटर आधी पूर्ण करून टाका, मग खाली उतरा. मधलं लाकूड निघालं की भिंती मोकळ्या होऊन हलायला लागतात, मग काठाकडे परत गेलं तर गाऊज उड्या मारतं.

लाकूड ओलं असेल तर दोन वाटा आहेत. एकतर सगळीकडे एकसारखी सहा मिलिमीटर जाडी ठेवून एकदाच पूर्ण करा आणि सुकताना तो थोडा लंबगोल होऊ द्या. मला असे वाडगे फार आवडतात. नाहीतर व्यासाच्या एक-दशांश, म्हणजे २० सेंटिमीटरला २० मिलिमीटर, जाडी ठेवून कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्या भरून सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करून पिशवीवरच लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन हललं नाही की तो पुन्हा लेथवर चढवून गोल करा.

घासणं आणि तेल

घासण्याआधी टूल रेस्ट काढून ठेवा, वेग ५०० च्या आसपास आणा. १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२०. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण घालवायचे, लेथ थांबवून तिरप्या उजेडात तपासायचं, मगच पुढचा. कागद लाकडाच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे अडकला तरी हात लांब फेकला जाईल. बोटांना चटका बसण्याइतकं घासलं तर उष्णतेने बारीक चिरा पडतात. आणि ८० चा कागद हाती घ्यावासा वाटला तर थांबा, गाऊजची धार पाहा.

तेल लावायला कापड वापरू नका, ते फिरत्या लाकडात गुंडाळलं जातं आणि बोट घेऊन जातं. कागदी टॉवेल घ्या, तो फाटतो. जवसाचं तेल, टंग तेल, मधमाशांचं मेण, यातलं काहीही सुरुवातीला चांगलं. लेथ बंद करून भरपूर फासा, पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जवसाच्या किंवा टंगच्या तेलाचे बोळे मात्र चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. ते बाहेर उघड्यावर सुटे पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

तळाचा कुसू शेवटी काढायचा. लाकडाचा एक जुना गोळा चकमध्ये धरून त्यावर मऊ रबर ठेवा, वाडगा त्यावर पालथा घाला, टेलस्टॉकने हलकेच दाबा आणि बारीक हातांनी कुसू कातत बोटाएवढा देठ उरवा. तो देठ लेथ बंद करून पटाशीने तोडा. तळ किंचित खोलगट ठेवा, म्हणजे वाडगा टेबलावर डुगडुगत नाही. मग तळावर लाकडाचं नाव, तारीख आणि भिंतीची जाडी बारीक पेनाने लिहा. पाचवा वाडगा झाला की पहिल्याच्या शेजारी ठेवून दोघांच्या तळाशी, तंतूंची टोकं असतात त्या दोन जागी, नखाने खरवडून पाहा.